पंखा बंद असताना ऐकू आलेला पंखा

आमच्या सोसायटीत राहणारी एक दृष्टिहीन विद्यार्थिनी राज्यशास्त्रात एम. ए. करते आहे. तिला लागणारी सगळी पुस्तके ब्रेलमध्ये मिळत नाहीत आणि संगणकाचा यांत्रिक आवाज मराठी जोडाक्षरांची जी वाट लावतो ती ऐकवत नाही, म्हणून गेल्या पावसाळ्यापासून रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर मी तिच्यासाठी एकेक प्रकरण मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतो. पहिली फाईल पाठवली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती जिन्यात भेटली आणि म्हणाली, "काका, वाचताना तेवढा पंखा बंद ठेवत जा ना." पंखा मी बंदच ठेवला होता.

जाता जाता ती आणखी एक गोष्ट बोलून गेली. "आणि तुम्ही सत्ता म्हणता ना, ते मला मधूनच 'फत्ता' ऐकू येतं." मी हसून सोडून दिले, कारण मला ते फाईलमध्ये ऐकू येत नव्हते. ती सगळे दुप्पट वेगाने ऐकते, हे मला नंतर समजले. अभ्यासाचा आवाका पाहता तिला दुसरा इलाजही नाही. आपण सावकाश ऐकतो तेव्हा हुकलेले अक्षर मन आपोआप भरून काढते, पण दुप्पट वेगात तेवढी उसंत मिळत नाही आणि ध्वनिमुद्रणातला प्रत्येक आळस उघडा पडतो. माझ्या प्रीॲम्प्लिफायरला, म्हणजे माईकचे क्षीण व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटला, याहून कडक परीक्षक मिळाला नसता.

हा प्रीॲम्प्लिफायर मी घरीच जुळवला होता. बाजारातला तयार यूएसबी माईक घेतला असता तर हे सारे टळले असते, हे आधीच कबूल करतो. पण मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. नोकरीची सगळी वर्षे मोटर कंट्रोल पॅनेलांत गेली आणि सोल्डरिंग आयर्न हातात धरायला निमित्तच हवे होते.

मायक्रोफोन म्हणून वापरली ती साधी इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे पावणेदहा मिलिमीटर व्यासाची, वर काळे कापड चिकटवलेली अॅल्युमिनियमची डबी. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत तिला 'इलेक्ट्रेट' म्हणून कोणी ओळखत नाही. 'कंडेन्सर माईक' म्हटले की लगेच काढून देतात. तिथे कपॅसिटरलाही कंडेन्सरच म्हणतात, त्यामुळे "दोन कंडेन्सर माईक आणि चार कंडेन्सर द्या" असे सांगितल्यावर पुडीत नेमके काय आले आहे ते दुकानातच उघडून पाहावे. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी या प्रकारचा मायक्रोफोन तयार केला. त्यातली कल्पना अशी की ताणलेल्या पातळ प्लास्टिकच्या पडद्यावर विद्युतभार कायमचा कोंडून ठेवायचा, म्हणजे बाहेरून त्याला मोठे व्होल्टेज देण्याची गरज राहत नाही. तरी कॅप्सूलच्या दोन टोकांवर थोडा वीजपुरवठा लागतोच. तो पडद्यासाठी नसून आत बसवलेल्या एका छोट्या फेट ट्रान्झिस्टरसाठी असतो. तो फेट सोल्डरिंगच्या उष्णतेने दगावतो. माझी पहिली कॅप्सूल अशीच गेली: टोकावर आयर्न चार-पाच सेकंद धरले, ती चालू राहिली, पण कुजबुजल्यासारखी.

मंडल, म्हणजे सर्किट, आखायला बसताना कोणता आयसी वापरायचा हा प्रश्न आधी विचारू नये, असे मी आता म्हणतो. आधी विचारायचे की माईकमधून किती मिलिव्होल्ट येणार आहेत. माझ्या कॅप्सूलच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता उणे ४४ डेसिबल दिली आहे, म्हणजे एक पास्कल ध्वनिदाबाला ६.३ मिलिव्होल्ट. एक पास्कल म्हणजे ९४ डेसिबल, आणि तेवढा आवाज म्हणजे जवळजवळ आरडाओरडा झाला. माणूस साध्या स्वरात बोलतो तेव्हा एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल भरतात. अंतर निम्मे केले की सहा डेसिबल वाढतात, त्यामुळे मी वीस सेंटीमीटरवरून वाचले तर माईकपाशी ७४ डेसिबल पोचतात. ही पातळी ९४ पेक्षा बरोबर २० डेसिबलने कमी, म्हणजे दाब एक दशांश, आणि म्हणून व्होल्टेजही एक दशांश: ०.६३ मिलिव्होल्ट. संगणकाच्या साऊंड कार्डाच्या लाईन-इन या सॉकेटला घरगुती उपकरणांच्या रिवाजाप्रमाणे ३०० मिलिव्होल्टच्या आसपास अपेक्षित असतात. सरळ भागाकार केला तर पाचशे पट गेन, म्हणजे व्होल्टेजची वाढ, हवा असे उत्तर येते, पण बोलणे ही सपाट गोष्ट नाही. शब्दाचा आघात सरासरीच्या चार-पाच पट उंच जातो आणि वाचता वाचता हसू आले तर त्याहूनही वर. ते फाटू नये म्हणून दोनशे ते अडीचशे पट गेन ठेवावा आणि उरलेले काम संगणकात करावे, हे शहाणपणाचे.

एका ट्रान्झिस्टरचा प्रीॲम्प हा आमच्या पॉलिटेक्निकच्या काळातला सगळ्यांचा पहिला प्रयोग. बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, त्याच्या तीन पायांपैकी कलेक्टरला ४.७ के, म्हणजे किलो-ओहमचा रेझिस्टर, कलेक्टरपासून बेस या पायाला एक मेगओहम, दोन कपॅसिटर, झाले. गेन दीडशेच्या पुढे सहज जातो आणि पहिल्यांदा ऐकताना मन हरखून जाते. मात्र बेसवर येणाऱ्या व्होल्टेजला ट्रान्झिस्टर घातांकी रीतीने प्रतिसाद देतो आणि त्या घातांकाची मोजपट्टी अवघी २६ मिलिव्होल्टची असते. त्यामुळे तीन मिलिव्होल्टचा आघात आला तरी आवाजात दोन-तीन टक्के भेसळ होते, आणि मोठ्याने बोलले तर आवाज उघडच फाटतो. शिवाय एकाच बीसी ५४७ या नावाखाली ११० पासून ८०० पर्यंत कोणताही बीटा, म्हणजे प्रवाह वाढवण्याचे प्रमाण, असलेला नग हाती येऊ शकतो, म्हणजे आज जुळवलेले मंडल उद्या दुसऱ्या नगावर तसेच वागेल याची खात्री नाही. एमिटर या तिसऱ्या पायात शंभर ओहम घालून दोन्ही दोष बरेच सौम्य करता येतात, पण गेनही त्याच प्रमाणात जातो. म्हणून यावेळी मी ऑप-ॲम्प, म्हणजे अनेक ट्रान्झिस्टर एकत्र असलेला तयार ॲम्प्लिफायर आयसी, घ्यायचे ठरवले आणि ड्रॉवरमध्ये पडलेला ७४१ लावला, कारण तो पडलेला होता.

पहिल्या फाईलचे मंडल असे होते: नऊ व्होल्टचा ॲडॅप्टर, त्यातून २.२ के रेझिस्टरमार्गे थेट कॅप्सूलला पुरवठा, तिथून कपॅसिटरमार्गे ७४१ कडे, आणि फीडबॅकला, म्हणजे आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत नेऊन गेन ठरवणाऱ्या जोडणीला, २२० के व १ के, म्हणजे गेन २२१. जिन्यातल्या संभाषणानंतर मी ते पुन्हा टेबलावर घेतले आणि कंपनीने भंगारात काढलेला, मी वजनाच्या भावाने आणलेला वीस मेगाहर्ट्झचा सीआरओ, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारे यंत्र, जोडला.

पंख्याचा उलगडा लगेच झाला. ॲडॅप्टरच्या नऊ व्होल्टवर सुमारे दहा मिलिव्होल्टची लहर होती, दर सेकंदाला शंभर वेळा उठणारी. घरातली ५० हर्ट्झची वीज एसीचे डीसी करणाऱ्या डायोडच्या पुलातून गेली की शंभरची होते. नऊ व्होल्टमध्ये दहा मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही असे वाटेल आणि मोटर पॅनेलमध्ये ते खरोखरच काही नाही. पण कॅप्सूलच्या आतला फेट हा विद्युतप्रवाहाचा स्रोत असल्यासारखा वागतो, त्याचा स्वतःचा रोध भरपूर असतो, आणि त्यामुळे पुरवठ्यावरची लहर २.२ के मधून जवळजवळ न घटता माईकच्या टोकावर उतरते. तिथे माझा आवाज ०.६३ मिलिव्होल्ट आणि ॲडॅप्टरचा हम, म्हणजे गुणगुण, दहा. मी वाचत होतो तो सोळा पट मोठ्या भोंग्यासमोर उभा राहून. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधून शंभर हर्ट्झ वाजतच नाहीत, म्हणून मला ते समजले नाही. तिने हेडफोन लावला होता.

यावरचा उपाय पुस्तकी आहे आणि चांगला आहे. पुरवठा एकाऐवजी दोन रेझिस्टरमधून द्यायचा: आधी २.२ के, मग तिथून जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि त्यानंतर कॅप्सूलचा नेहमीचा २.२ के. या जोडीची कटऑफ वारंवारता, जिच्या वरच्या लहरी घटू लागतात ती, दीड हर्ट्झ येते, म्हणजे शंभर हर्ट्झची लहर ६५ पटींनी घटते. कागदावर समाधान वाटले. पण गणित पुढे नेले तर दहा मिलिव्होल्टचे ०.१५ मिलिव्होल्ट होतात, आणि आवाजाच्या ०.६३ शेजारी ते अजूनही चौथ्या हिश्श्याएवढे आहेत. कपॅसिटर २२० मायक्रोफॅरड केला तर लहर आवाजाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास येते. तरीही शब्दांमधल्या विरामात ती ऐकू येईलच. विजेचा हम डेसिबलमध्ये थोडा थोडा कमी करत नेण्यापेक्षा तो मुळातच नसलेला पुरवठा घ्यावा, असे म्हणून मी नऊ व्होल्टची बॅटरी लावली. दोन रेझिस्टर आणि कपॅसिटर मात्र तसेच ठेवले, कारण बॅटरी जुनी होऊ लागली की तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि मंडलाच्या पुढच्या टप्प्यातले चढउतार पुरवठ्यावरून मागे माईककडे येऊ पाहतात.

'फत्ता'चे कारण शोधायला दोन दिवस लागले, कारण मी ते चुकीच्या जागी शोधत होतो. कॅप्सूल, तोंडाचा कोन, एमपी३ चा दर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी पाटी-पेन्सिलचे गणित केले. ७४१ हा १९६८ पासूनचा आयसी. त्याचा गेन आणि बँडविड्थ (तो वाढवू शकतो त्या वारंवारतांचा पट्टा) यांचा गुणाकार साधारण एक मेगाहर्ट्झ असतो. त्याच्याकडून २२१ पट गेन मागितला की बँडविड्थ उरते साडेचार किलोहर्ट्झ. 'श' उच्चारताना निघणाऱ्या घर्षणाचा मोठा भाग अडीच ते पाच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, 'स' चा मात्र त्याच्या वर, पाच ते आठच्या आसपास. वरचे कापून टाकले की 'स' ची धार जाते आणि उरते ती नुसती हवा, जी 'फ' सारखी लागते. टेलिफोनची जुनी वाहिनी ३,४०० हर्ट्झवर संपत असे, म्हणूनच फोनवर नाव सांगताना "सशातला स, फणसातला फ नव्हे" असे समजावून सांगावे लागे. मी अडीच हजार रुपयांचे साऊंड कार्ड घेऊन त्याच्या पुढ्यात टेलिफोन बसवला होता.

एकाच टप्प्याकडून सगळा गेन मागू नये, हे यातून आले. टीएल ०७२ या आठ पायांच्या आयसीमध्ये दोन ऑप-ॲम्प असतात आणि प्रत्येकाचा गुणाकार तीन मेगाहर्ट्झ असतो. पहिल्या अर्ध्याला २२ के आणि १ के देऊन गेन २३ केला. दुसऱ्याला १० के आणि त्याच्यासोबत शंभर केचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), म्हणजे गेन एकपासून अकरापर्यंत हवा तसा. एकूण जास्तीत जास्त २५३. आता बँडविड्थ इतकी आहे की उलट वरचा भाग मुद्दाम कापावा लागतो, नाहीतर नको ते सगळे आत येते; २२ के वर समांतर ४७० पिकोफॅरड लावले की सुमारे पंधरा किलोहर्ट्झला कात्री बसते. खालची कात्री इनपुटलाच आहे: ४७ नॅनोफॅरड, ज्याच्या अंगावर ४७३ असे लिहिलेले असते, आणि ४७ के. मिळून ७० हर्ट्झ. टेबलावर कप ठेवल्याची धप्प, रस्त्यावरच्या ट्रकची घरघर आणि आपल्या महाप्राण व्यंजनांच्या फुंकरीचा बराचसा भाग याखाली राहतो. 'भाषा', 'धोरण', 'घटना' अशा शब्दांनी राज्यशास्त्राचे पान भरलेले असते आणि प्रत्येक भ, ध, घ सोबत तोंडातून हवेचा झोत सुटतो. त्यासाठी मंडलापेक्षाही माईक तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला तिरका ठेवणे अधिक उपयोगी पडते.

आयसी एका बॅटरीवर चालवायचा तर त्याला मधली पातळी द्यावी लागते. १० के चे दोन रेझिस्टर नऊ व्होल्टवर एकाखाली एक लावून मधोमध साडेचार व्होल्ट घेतले, तिथे ४७ मायक्रोफॅरड ठेवले, आणि इनपुटचे ते ४७ के याच बिंदूला बांधले. इथे नवशिक्या माणसाची एक चूक ठरलेली असते. फीडबॅकमधला १ के थेट ग्राउंडला जोडला, तर ऑप-ॲम्प ही साडेचार व्होल्टची पातळीसुद्धा २३ पट करायला जातो आणि आउटपुट वरच्या टोकाला जाऊन चिकटते. म्हणून त्या १ के च्या आणि ग्राउंडच्या मध्ये १० मायक्रोफॅरड हवेत, अधिक टोक आयसीच्या बाजूला. स्थिर व्होल्टेजला तो रस्ता बंद असतो, तिथे गेन एकच राहतो. आवाजाला रस्ता उघडा असतो. दुसऱ्या टप्प्याच्या १० के लाही तसाच, पण २.२ मायक्रोफॅरडचा. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाताना वेगळा कपॅसिटर लागत नाही, कारण साडेचार व्होल्टची पातळी तिथे आयतीच पोचलेली असते. आउटपुटला १० मायक्रोफॅरड, पुढे लांब केबलमुळे आयसी बिथरू नये म्हणून १०० ओहम, आणि जॅक खोचताना टक् असा आवाज होऊ नये म्हणून ग्राउंडला १०० के. एवढेच मंडल आहे. झिरो पीसीबीच्या, म्हणजे भोके पाडलेल्या कोऱ्या बोर्डाच्या, काडेपेटीएवढ्या तुकड्यावर ते बसले.

या मंडलावर तिने 'सत्ता' ऐकली आणि काही बोलली नाही, याचा अर्थ मी 'आता बरोबर आहे' असा घेतला.

आता मागे उरली होती ती बारीक सळसळ. दुकानदाराने आधीच सुचवले होते, "साहेब, ०७२ कशाला, ५५३२ न्या, स्टुडिओत तोच असतो." पायांची रचना तीच असल्यामुळे आयसीच्या सॉकेटमधून एक काढून दुसरा बसवायला अर्धे मिनिट लागते, म्हणून मी एनई ५५३२ आणलाही. माहितीपत्रकाप्रमाणे टीएल ०७२ ची सळसळ १८ एकक आणि ५५३२ ची ५, म्हणजे साडेतीन पटींहून अधिक फरक. रात्री दीड वाजता माईक कपाटात दोन गोधड्यांमध्ये गुंडाळून दोन्ही आयसींवर पाच-पाच मिनिटे शांतता ध्वनिमुद्रित केली आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये पातळी पाहिली. फरक अर्ध्या डेसिबलच्या आसपास.

आधी वाटले की नकली नग मिळाला. मग हिशोब मांडला. कॅप्सूलची स्वतःची सळसळ, जी तिच्या आतल्या फेटची असते, माहितीपत्रकाप्रमाणे एक पास्कलच्या आवाजापेक्षा ६० डेसिबल खाली, म्हणजे हजारावा हिस्सा: ६.३ मायक्रोव्होल्ट. टीएल ०७२ ची सळसळ वीस किलोहर्ट्झच्या पट्ट्यात अडीच मायक्रोव्होल्ट होते, ५५३२ ची ०.७. असे आवाज सरळ बेरजेने मिळत नाहीत, वर्गांच्या बेरजेच्या वर्गमूळाने मिळतात. ६.३ आणि २.५ मिळून ६.८, ६.३ आणि ०.७ मिळून ६.३ च. म्हणजे कॅप्सूलच्या घरात आधीच एवढा गलका आहे की दारातला पहारेकरी घोरतो की नाही याने काही बिघडत नाही. डायनॅमिक माईक असता तर गोष्ट वेगळी होती. त्याच्यात फेट नसतो, त्याची दोनशे-तीनशे ओहमची तार फार थोडी सळसळ करते, आवाजही एक पास्कलला दोनच मिलिव्होल्टच्या घरात देते, आणि तिथे ५५३२ ने खरेच जमीन-अस्मानाचा फरक पडतो. स्टुडिओतला सल्ला चूक नव्हता, तो माझ्या माईकसाठी नव्हता. ५५३२ ला आठ मिलिअँपिअर लागतात, ०७२ चे तीनच्या आत भागते. मी ०७२ परत बसवला.

मग सळसळीचे काय, तर वीस सेंटीमीटरचे दहा केले. पैसा खर्च न होता सहा डेसिबल मिळाले. लाकडी पट्टीच्या टोकाला माईक बांधून टेबललॅम्पच्या मानेला लावला आणि वाचायला बसताना पट्टी गालाला लागेल न लागेल अशी ओढून घेतो. कोणी मला या मंडलातला सर्वांत मोलाचा भाग कोणता असे विचारले, तर मी ती पट्टी दाखवतो आणि समोरचा माणूस मी चेष्टा करतो आहे असे समजतो.

माईक पट्टीवर गेला आणि त्याच्यापासून मंडलापर्यंत हातभर वायर आली. घाईत मी साधीच दुपदरी वायर वापरली. त्या रात्री ध्वनिमुद्रण तपासताना माझ्या आवाजाच्या मागे कोणीतरी अगदी सभ्यपणे बोलत असल्याचा भास झाला. कान देऊन ऐकले तर बातम्या होत्या. आकाशवाणीचे पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झवर असते. माझी हातभर वायर एरियल झाली होती आणि फेटच्या गेटवरच्या वक्रतेने डायोडचे काम करून त्यातून आवाज वेगळा काढला होता. शाळेत असताना क्रिस्टल रेडिओ जमावा म्हणून मी दोन महिने झटलो होतो आणि तेव्हा तो बोलला नव्हता. दोष सर्वस्वी माझ्या वायरचा होता. तिच्या जागी शिल्डेड, म्हणजे भोवती धातूच्या जाळीचा आडोसा असलेली, वायर घातली, आणि कॅप्सूलच्या दोन टोकांवरच, अगदी डबीला चिकटून, एक नॅनोफॅरडचा चकतीसारखा सिरॅमिक कपॅसिटर बसवला, ज्याच्यावर १०२ लिहिलेले असते. २.२ के सोबत त्याची कात्री ७२ किलोहर्ट्झवर बसते. मानवी आवाजाला त्याचा पत्ताही लागत नाही आणि ७९२ किलोहर्ट्झची लहर अकराव्या हिश्श्यावर येते. हा कपॅसिटर आयसीपाशी लावला असता तर निम्माच उपयोग झाला असता, कारण आवाज वेगळा होण्याचा प्रकार वायरच्या माईककडच्या टोकाला घडत होता.

मंडलाला डबा हवा होता. मुलाची दहावीतली पत्र्याची कंपासपेटी माळ्यावर सापडली. आत अजून करकटकाच्या टोकाने कोरलेली त्याच्या वर्गाची तुकडी आहे. प्लास्टिकचा डबा दिसायला बरा, पण विजेच्या वायरींपासून आडोसा पत्र्याचाच होतो. कंपासपेटीत मंडल ठेवले, झाकण लावले, तरी हात जवळ नेला की हम वाढायचा. पेटीला आतून बाहेरून रंग होता आणि मी ग्राउंडची वायर त्या रंगावरच स्क्रूने आवळली होती. स्क्रूभोवतीचा आणि झाकणाच्या बिजागरीजवळचा रंग पॉलिशपेपरने खरवडून पत्रा उघडा केला आणि हम गेला. पेटी ग्राउंडला जोडायची ती एकाच ठिकाणी, इनपुटच्या सॉकेटपाशी. दोन ठिकाणी जोडली तर त्या दोन बिंदूंमधून नको तो प्रवाह फिरू लागतो.

बॅटरीचे गणित उरले. आयसी, कॅप्सूल आणि मधल्या पातळीचे दोन रेझिस्टर मिळून साडेतीन मिलिअँपिअरच्या आसपास खातात, म्हणजे चांगली अल्कलाइन बॅटरी शंभर तासांच्या वर जायला हवी, आणि रोज एक तास या हिशोबाने तीन महिने निघतात. मात्र टीएल ०७२ ला कमी व्होल्टेज मानवत नाही. बॅटरी सातच्या खाली आली की आधी आघाताचे शब्द चिरतात आणि मग सगळेच. 'न्यायमंडळ' या प्रकरणाची शेवटची बारा पाने अशी वाया गेली आणि मला ती पुन्हा वाचावी लागली. पुरवठ्यावर एलईडी लावावा असा सल्ला सगळे देतात, पण एलईडी एकटाच बाकी मंडलाहून अधिक प्रवाह खाईल आणि सात व्होल्टलाही तितकाच आनंदाने पेटेल. मी दर सोमवारी मल्टिमीटर लावतो आणि कंपासपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने आकडा लिहितो. आज ८.१ आहे.

परवा तिचा निरोप आला की नवे प्रकरण स्वच्छ आहे, पण बाविसाव्या मिनिटापासून पंखा ऐकू येतो. या वेळी तो खरेच चालू होता. एप्रिल महिना, खिडकी बंद, अर्ध्या तासाने मला राहवले नाही आणि मी दोनवर लावला होता. आता सकाळी साडेपाचला वाचायला बसतो.